डाव्या चाकावरचा पत्रा

३ फेब्रुवारी

आज एका माणसाची गाडी मी नासवली. दाराच्या कडेवर पॉलिशचं मशीन दोन क्षण जास्त टेकलं, रंग उडाला आणि खालचं राखाडी अस्तर डोकावलं. डाग नखाएवढा. पण काळ्या गाडीवरचा नखाएवढा डाग रस्त्याच्या पलीकडूनही दिसतो.

"अहो बाई, तुम्ही तर म्हणालात दिसणारसुद्धा नाही," गाडीवाला म्हणाला.

"ओरखडा कुठे दिसतोय?" मी म्हटलं. विनोदाची वेळ नव्हती. तोंडातून निघून गेलं.

तणतणत निघाला. जाताना चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गाडी चालवता येत नाही या बाईला, आणि गाड्या घासायला बसलीय." पहिलं खरंच आहे. नऊ वर्षं उस्तादांच्या गॅरेजात गाड्या धुतल्या, घासल्या, पॉलिश केल्या. चार महिन्यांपूर्वी घराला लागून असलेल्या शेडवर स्वतःची पाटी लावली: ओरखडे काढून मिळतील. पण अठ्ठेचाळीस वर्षांची झाले तरी मला गाडी चालवता येत नाही. गिऱ्हाईकच आत लावतं, गिऱ्हाईकच बाहेर काढतं.



६ फेब्रुवारी

तीन दिवसांत एकही गाडी नाही. बातमी पसरायला वेळ लागत नाही.

उस्तादांना फोन केला. म्हणाले, "लोकांना सांगत बसू नकोस, दाखव. एखादी जुनी गाडी घे, अर्धी चमकव, अर्धी तशीच ठेव आणि दारात उभी कर. बघणारा आपोआप आत येतो."

जुनी गाडी आमच्या घरातच आहे. बाबांची आकाशी गाडी, एकतीस वर्षांची. उन्हाने रंग विटलाय, शिवाय डाव्या बाजूला फाटकाने काढलेला लांबलचक ओरखडा आहे, पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून पार दारापर्यंत. नमुन्याला याहून चांगली गाडी शोधून सापडायची नाही.

जेवताना विषय काढला.

"त्या गाडीला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले.

"अहो, फुकटात चमकवून देतेय..."

"एकदा सांगितलं ना!" आणि पेला इतक्या जोरात आदळला की पाणी माझ्या ताटात उडालं.

बाबांचा आवाज चढलेला मी उभ्या आयुष्यात ऐकलेला नाही. मोजणी खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. जमीन असो की बोलणं, इंचभर इकडचं तिकडे करत नाही. माझा संसार मोडून मी परत आले, तेव्हाही "वरची खोली झाडून ठेवतो" एवढंच म्हणाले होते.

मग माझंही बिनसलं. त्या गाडीवरचा माझा राग जुना आहे. अठराव्या वर्षी त्यांनीच मला शिकवायला घेतलं होतं. दर बुधवारी, ऑफिसातून आले की टेकडीमागच्या रस्त्यावर. पाच-सहा वेळा झालं असेल. एका संध्याकाळी एक तांबूस कुत्रं आडवं आलं. डाव्या बाजूला धप्प आवाज झाला. मी किंचाळले. बाबा म्हणाले, "कुत्रं होतं. पळालं. थांबू नकोस, चल." घरी आल्यावर म्हणाले, उद्या सकाळच्या बसने आत्याकडे जायचं, तिकडचं कॉलेज चांगलं आहे. एका कुत्र्यापायी माझं शिकणं गेलं, घर गेलं, मैत्रिणी गेल्या. मुलगा असते तर हसून पुन्हा किल्ली हातात दिली असती. हे मी त्यांना आजवर दहादा तरी ऐकवलंय. दहाही वेळा ते गप्प बसले.

९ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या मावशींकडे कामाचा डगला शिवायला टाकला. मावशी म्हणजे रक्ताची नाही, पण आई गेल्यापासून मला "जेवलीस का" विचारणारी तीच एक. एका खोलीत मशीन, एका खोलीत संसार, आणि बोळात त्यांच्या यजमानांची हिरवी सायकल. पुढचं चाक वाकडं. तीस वर्षं ती तिथून हललेली नाही. शिवून झालेले कपडे मावशी तिच्या हँडलला लावतात.

मी बाबांची तक्रार केली तशी मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"वडिलांवर चिडतेस? माझ्या माणसाला रस्त्यात टाकून पळाला तो मेला कोण होता, देव जाणे. तासभर पडून होते. तुझे वडील तिथून निघाले होते म्हणून निदान माणसाच्या हातात तरी गेले. खांद्यावर टाकून धावले गं. सगळा सदरा माखला होता त्यांचा."

हे मला पाठ आहे. घड्याळं दुरुस्त करायचे ते. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणायचे. ते गेले तेव्हा मी आत्याकडे होते, मला पत्रातून कळलं. त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी मावशींच्या मुलीला गणित शिकवायला जायचे, ती पहिलीत असल्यापासून कॉलेजात जाईपर्यंत. आज ती दुसऱ्या शहरात गणिताची प्राध्यापक आहे आणि मी अजून सतराच्या पाढ्यात अडखळते. दर रविवारी मावशींचा नळ, मावशींची कडी, मावशींचं छप्पर. बाबा माणूस म्हणून फार मोठे आहेत, वडील म्हणून जरा हात आखडता. असं आज मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

१२ फेब्रुवारी

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. साखर जास्त म्हणून दोन दिवस तिथेच ठेवणार आहेत. मावशी सोबतीला थांबल्या. मला म्हणाल्या, तू दुकान बघ.

दुकानात बघायला आहे काय? शेवटी आकाशी गाडीवरची चादर ओढली. म्हटलं, पट्टी निघाल्यावर बाबांना पहिली ही चमकती गाडीच दिसू दे. मग बघू कसे रागावतात.

बॉनेटच्या मधोमध टेप लावली. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा बारीक पॉलिश पेपर, तासभर भिजवला, रबरी ठोकळ्याला गुंडाळला, आणि पाणी मारत मारत उजवी बाजू घासली. ओरखडा कधी भरून निघत नाही. आजूबाजूचा रंग त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, तोही केसाच्या शंभराव्या भागाने, मग कंपाउंडची पेस्ट आणि मशीन. आकाशी पाणी ओघळत होतं. संध्याकाळी पुसून बघितलं तर बॉनेटमध्ये छपराचा पत्रा मोजता येईल इतका लख्ख दिसत होता. खूप दिवसांनी शीळ घातली.

१३ फेब्रुवारी

सुचत नाहीये. क्रमाने लिहिते.

सकाळी डावी बाजू घेतली. आधी रंगाची जाडी मोजली. ती मोजल्याशिवाय आता मी पेपरला हात लावत नाही. बॉनेट एकशे दहा मायक्रॉन. दार एकशे पाच. छप्पर एकशे पंधरा. डाव्या चाकावरच्या पत्र्याला यंत्र टेकवलं तर बाराशे. वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा दार, एकशे पाच. पुन्हा पत्रा, बाराशे.

बाबा सगळ्यांना सांगतात, तो फाटकाचा ओरखडा सोडला तर माझ्या गाडीला कधी साधं बोटही लागलेलं नाही.

घासायला लागले. पाणी आकाशी आलं, मग जरा गडद आकाशी, मग राखाडी, मग पिवळट. म्हणजे पुट्टी, पत्र्यातला खड्डा बुजवायला भरतात ती. खाली जुनं पाणी मुरलं असावं, कारण अंगठा टेकला आणि तळहाताएवढी पपडी सुटून हातात आली. खालचा पत्रा आत गेलेला. एक लांब खोबण आणि तिच्या टोकाला गोल खड्डा, जाड नळी रेटल्यासारखा. खोबणीच्या अगदी तळाशी, जिथे कुणाचा पेपर पोचला नव्हता, तिथे हिरवी रेघ.

नखाने खरवडून बघितली. गंज नाही, शेवाळ नाही. रंग आहे. मला दुसरं काही कळत नसेल, रंग कळतो.

दुपारी उस्तादांकडे गेले. आमच्या भागात तेव्हा पत्र्याचं काम करणारे तेच एकटे. मी नुसतं "बाबांच्या गाडीची पुट्टी निघाली" म्हटलं आणि त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"झाडाला ठोकली म्हणाले होते," उस्ताद म्हणाले. "पहाटे घेऊन आले. झाडं हिरवी असतात, पण त्यांचा हिरवा असा पत्र्यात रुतून बसत नाही."

"मग तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर तुझ्या वडिलांनी उत्तर दिलं असतं. म्हणूनच नाही विचारलं."

"कधीची गोष्ट?"

"घड्याळजी गेले तो आठवडा."

परत येताना मावशींचा कोपरा टाळून लांबच्या रस्त्याने आले. शेडमध्ये बादली पालथी घालून बसले. पाणी मारायची बाटली हातातच होती.

१४ फेब्रुवारी

बाबांना घरी आणलं. मावशींनी हाताला धरून फाटकापर्यंत सोडलं आणि त्या घरी गेल्या. मी गाडी झाकली नव्हती. मुद्दामच.

एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी पत्र्याकडे बघितलं. भिंतीला हात टेकला. मला वाटलं पडतील. पडले नाहीत.

"कोण होतं गाडीत?" मी विचारलं.

"मी."

"अजून?"

"एकटाच."

"आणि मग परत जाऊन त्यांना खांद्यावर घेतलंत?"

"हो."

"आणि मावशींना तीस वर्षं..."

"हो." जरा थांबून म्हणाले, "पुट्टी भरून टाक. मी गेल्यावर सांग त्यांना. माझ्यामागे काय सांगायचं ते सांग."

काठी टेकत आत गेले. मी तिथेच उभी. बाबा खोटं बोलत नाहीत हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. आज त्यांनी खरं सांगितलं आणि मला ते ऐकवेना.

१६ फेब्रुवारी

घरात बोलणं बंद आहे. ताट ठेवते, उचलते.

दुपारी मावशी डबा घेऊन आल्या. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती. "भाऊ, मान वर करा," म्हणाल्या, आणि पट्टी बाजूला करून बाबांची हनुवटी दोन बोटांनी धरली. शिवणाऱ्या बाईची बोटं, जराही हलली नाहीत. एक थेंब, दुसरा थेंब. बाबांच्या गालावरून पाणी ओघळत राहिलं. दोन थेंबांचं इतकं पाणी होत नाही. मावशी पदराने पुसत म्हणाल्या, "झोंबतं का हो फार?"

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

त्या गेल्यावर बाबांना म्हटलं, "माणूस आहात की कोण आहात तुम्ही?"

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

या सोशिकपणाची मला किळस आली. भांडले असते, रडले असते, कारण दिलं असतं तर बरं वाटलं असतं. उद्या मी मावशींना सांगणार. त्यांच्यासमोर मान खाली घालायची वेळ बाबांची आहे, माझी नाही.

१७ फेब्रुवारी

कुत्रं नव्हतं.

सांगायला गेले होते मी. मावशी टेबलावर कापड पसरून कापत होत्या. मी कशी सुरुवात करू म्हणून विचारलं, "मावशी, घड्याळजींचं नक्की काय झालं होतं त्या दिवशी?" त्या कापता कापताच बोलायला लागल्या. टेकडीमागच्या बंगल्यातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त झालं होतं. बुधवारी दुकान लवकर बंद व्हायचं, म्हणून ते पोचवायला गेले. परत येताना दिवे लागायची वेळ.

"कुठला बुधवार?" मी विचारलं. कशाला विचारलं? पण विचारलं.

"अगं, तू आत्याकडे गेलीस ना, त्याच्या आदल्या दिवशी. तुला बसवर सोडायला आले नाही म्हणून किती दिवस वाईट वाटत होतं मला. पण त्या सकाळी मी इस्पितळातून कशी येणार होते?"

कातरी चालूच होती. मी "हो ना" म्हणाले. खरंच म्हणाले, "हो ना." उठले आणि बोळातून बाहेर पडताना सायकलला धक्का लागू नये म्हणून अंग चोरलं.

शेडमध्ये येऊन गाडीत बसले. उजव्या बाजूला. तीस वर्षांत पहिल्यांदा. पाय आपोआप जागेवर गेले.

बुधवार. टेकडीमागचा रस्ता. डाव्या बाजूला धप्प.

बाबा गाडीत एकटे नव्हते. आणि चालवत ते नव्हते.

१८ फेब्रुवारी

सकाळीच विचारलं. ते अंथरुणावर बसले होते, पट्टी निघालीय, काळा चष्मा घातला होता. त्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"दोनदा," बाबा म्हणाले. "तेव्हा, आणि चार दिवसांपूर्वी."

मग त्यांनी सांगितलं. कागदावरून वाचल्यासारखं सांगितलं. अंधारून आलं होतं. सायकलला दिवा नव्हता. तुला परवाना नव्हता. तू अठराची होतीस. धक्का बसल्यावर तुझा पाय ब्रेकवर गेला होता, मी थांबू नकोस म्हणालो म्हणून तू उचललास. मी आरशात बघितलं, तू समोर बघत होतीस. घरी सोडलं आणि पायीच परत गेलो.

"तासभराने?"

"पस्तीस मिनिटांनी. त्या तासभर म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही." गुडघ्यावरची चादर त्यांनी सारखी केली. "पालथे पडले होते. सरळ केलं तेव्हा चेहरा दिसला. तोवर कोण आहे ते माहीत नव्हतं मला."

"आपण थांबलो असतो तर?"

"डॉक्टर म्हणाले होते, जरा लवकर आणलं असतं तर... पुढे नाही बोलले ते. ते वाक्य रोज पुरं करतो मी."

"मला का नाही सांगितलंत? एवढी मोठी झाले मी. मी तुम्हाला काय काय बोलले! किल्लीवरून, मुलगा असते तर म्हणून..."

"बोलत होतीस तेच बरं होतं," ते म्हणाले. "रागावलेली मुलगी चालते."

मला रडू आलं नाही. पूर्ण दिवस एकच गोष्ट डोक्यात: मी आरशात बघितलं होतं का? बाबा म्हणतात नाही. मला आठवत नाही. पण कुत्र्याचं शेपूटही आठवत नाही, कान आठवत नाहीत, आणि तरी तीस वर्षं मी लोकांना त्याचा रंग सांगत आले. तांबूस. तो रंग कुठून आणला मी? न बघितलेल्या कुत्र्याला रंग कशासाठी दिला?

१९ फेब्रुवारी

एक गाडी आली होती. निळी, दारावर किल्लीचा ओरखडा, सोपं काम. नाही म्हणून सांगितलं.

बाबा म्हणाले, "पुट्टी भर. त्यांना आता या वयात हा ताप कशाला?" पंधरा मिनिटांनी म्हणाले, "तुला या वयात कशाला?" मी पुट्टीचा डबा उचलून शेजारच्या कचऱ्याच्या पेटीत टाकून आले.

२० फेब्रुवारी

सांगितलं.

मावशी मशीनवर होत्या. मी बसले नाही. म्हटलं, "मावशी, घड्याळजींना धडक दिली ती गाडी आमची होती. मी चालवत होते. बाबा शेजारी होते."

त्यांचा पाय पायडलवर तसाच चालत राहिला. सुई कापडाबाहेर जाऊन नुसतीच खालीवर होत होती. मग थांबली.

"परत सांग."

परत सांगितलं.

मावशी उठल्या. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर मी जागची हलले नसते. त्या माझ्या बाजूने बोळात गेल्या, सायकलच्या हँडलवरचे कपडे एकेक करून काढले, घड्या करून खुर्चीवर ठेवले. मग सायकल भिंतीपासून सुटी केली. वाकडं चाक फिरेना. पुढची बाजू उचलून, मागच्या चाकावर ढकलत त्या रस्त्यावर आल्या. मी हात लावायला गेले तर म्हणाल्या, "शिवू नकोस." लोक बघत होते. भाजीवाली हातातला तराजू धरून उभीच राहिली.

शेडमध्ये त्यांनी सायकल गाडीला भिडवली. हँडलचं टोक पत्र्यातल्या गोल खड्ड्याला टेकवलं. जरा वर. जरा मागे.

बसलं.

तोंडाला पदर लावून त्या खाली वाकल्या. आवाज आला नाही, नुसती पाठ हलत होती. बाबा मधल्या दारात येऊन उभे होते.

मग मावशी सरळ झाल्या. "भाऊ, एक विचारते. बारा-पंधरा वर्षं रोज संध्याकाळी येऊन माझ्या पोरीला शिकवलंत. ते आमच्यासाठी होतं की तुमच्यासाठी?"

बाबांना उत्तर द्यायला वेळ लागला नाही. "माझ्यासाठी."

"आणि रस्त्यात टाकून गेला त्याला मी शिव्या द्यायचे, तुमच्याच पुढ्यात बसून. तेव्हा तुम्ही चहा पीत होतात."

"हो."

"थेंब घातले मी तुमच्या डोळ्यात. चार दिवस नाही झाले."

बाबांनी दाराची चौकट धरली.

"उद्या दहा वाजता चौकीवर यायचं," मावशी म्हणाल्या. "दोघांनी." सायकल तिथेच ठेवून त्या गेल्या.

२१ फेब्रुवारी

सकाळी उठले तर बाबांचं अंथरूण रिकामं. चप्पल नाही, काठी नाही. मी धावतच चौकी गाठली. साडेनऊ वाजले होते. काळा चष्मा लावून ते बाकावर ताठ बसलेले, आणि टेबलामागच्या अधिकाऱ्यासमोर एक लिहिलेला कागद. वर बाबांची सही.

"तुमच्या वडिलांनी जबाब दिलाय," अधिकारी म्हणाला. "गाडी ते चालवत होते. एकटे."

तिसऱ्यांदा. या माणसाने तीन वेळा खोटं सांगितलं, आणि तिन्ही वेळा मलाच वाचवायला.

मी काही बोलायच्या आत मागून मावशी म्हणाल्या, "खोटं आहे ते. खोडा." त्या कधी आल्या मला कळलं नव्हतं. इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. रात्रभर झोप नसलेला चेहरा.

अधिकाऱ्याने आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. नवा कागद घेतला. मावशींनी खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली. तारीख, वार, रस्ता. यजमानांचं वय. सायकलचा रंग. "गाडी ही चालवत होती. वय अठरा. शेजारी वडील." आवाज कुठे कापला नाही. मध्येमध्ये त्या थांबत, तो लिहून होईपर्यंत वाट बघत, मग पुढे जात.

शेवटी त्याने वाचून दाखवलं. "...धडक बसल्यानंतर मुलीने गाडी थांबवली नाही."

"तसं नको," मावशी म्हणाल्या. "थांबवली नाही, असं नको. थांबू दिली नाही, असं लिहा. वडिलांनी."

बाबांनी होकारार्थी मान हलवली. दोनदा.

तेवढं पुरलं असतं मला. त्या एका शब्दावर मी उरलेलं आयुष्य काढू शकले असते. पण मला तो कुत्र्याचा रंग आठवला.

"दोन्ही लिहा," मी म्हटलं. "यांनी थांबू दिली नाही. आणि मी थांबवली नाही. पाय माझा होता."

"अहो, नक्की काय लिहू?" अधिकारी वैतागला.

कालपासून मावशींनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. आता बघितलं. बराच वेळ. त्या नजरेत काय होतं ते मला सांगता येणार नाही. माया नव्हती. पण मला त्या बघत होत्या एवढं खरं.

"लिहा दोन्ही," त्या म्हणाल्या.

तिघांनी सह्या केल्या. अधिकारी म्हणाला, प्रकरण फार जुनं आहे, तेव्हाचे कागद शोधावे लागतील, वरच्यांना विचारावं लागेल, बोलावलं की या. गाव सोडून जाऊ नका. आम्ही कुठे जाणार?

बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "लेकीला मी सांगेन. तुमच्यापैकी कुणी फोन करायचा नाही." आणि निघाल्या.

घरं एकाच रस्त्यावर. दुसरी वाट नव्हती. पुढे मावशी, दहा पावलांवर मी, आणि मागे बाबा, काठीने जमीन चाचपत. ऊन डोळ्यात जात होतं. मला त्यांचा हात धरायचा होता आणि धरवत नव्हता. चौकात फुटपाथ संपतो तिथे उंच कड आहे. नव्या डोळ्याला अजून अंदाज येत नाही. काठीचा आवाज अडखळला.

मागे न बघता मावशी म्हणाल्या, "पायरी आहे."

आणि तशाच पुढे चालत राहिल्या.